पाण्यातच फुटले पाय

राळेगावच्या बाजारात मरळ विकायला बसणाऱ्या बाईंसमोर बर्फ नसतो. रोहू-कतलावाल्यांना तो लागतो. मरळीला एक ओलं गोणपाट पुरतं. गोणपाट उचललं की खालची काळपट, सापासारख्या डोक्याची मासोळी अंग वळवते. मी एकदा विचारलं, "मावशी, पाण्याबाहेर किती वेळ टिकते हो ही?"

"पोतं ओलं ठेवा बाबू, मंग सांजपावतर काई होत नाई तिले," त्या म्हणाल्या. आणि तराजू उचलताना सहज पुढे बोलल्या, "पाण्यात दाबून ठेवली तं मरते मात्र."

तेव्हा ती मला थट्टा वाटली. पुढे वाचनात आलं की ते अक्षरशः खरं आहे. मरळीच्या कल्ल्यांच्या वर डोक्यात दोन कप्पे असतात. दर थोड्या वेळाने ती पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते आणि त्या कप्प्यांत साठवते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. वर येण्याची वाट अडवली तर ही मासोळी पाण्यातच गुदमरते. पावसाळ्यात नाल्याचं पाणी वावरात पसरलं आणि मग ओसरलं की मरळ डबक्यात अडकते, आणि कधीकधी ओल्या गवतातून सरपटत शेजारच्या पाण्याकडे निघते. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना मासा जमिनीवर कसा आला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. निदान त्यांना तसं वाटतं. मलाही वाटायचं.

शाळेत ऐकलेली गोष्टही याच्याशी जुळणारी होती. फार पूर्वी तळी आटू लागली, मासे तडफडले, त्यातले काही पंखांवर रेटा देत पुढच्या तळ्यापर्यंत पोचले. जे पोचले ते जगले, त्यांच्या पंखांचे हळूहळू पाय झाले. या गोष्टीचा सर्वांत मोठा कर्ता आल्फ्रेड रोमर हा अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ. डेव्होनियन म्हणजे सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातले तांबडे खडक पाहून त्या वेळी मोसमी अवर्षण पडत असावं असं त्याला वाटलं. त्याच्या मांडणीत एक गमतीदार वळणही होतं: माशांना पाय फुटले ते जमिनीवर राहण्यासाठी नव्हे, उरलेल्या पाण्यापर्यंत पोचून मासाच राहण्यासाठी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट पटायला वेळ लागत नाही. विहीर आटली की ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी टाकून माणसं कामाच्या शोधात निघतात, हे आपण पाहिलेलं असतं. दुष्काळ हलवतो, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच कदाचित या गोष्टीवर आपण जरा जास्तच विश्वास टाकतो. अडचण एवढीच की हाडांची साक्ष दुसरीकडे जाते.

ती साक्ष मिळाली ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर. तिथे १९३० च्या दशकात गुन्नार सेवे-सॉडरबर्ग या स्वीडिश संशोधकाला इक्थिओस्टेगा हा चार पायांचा प्राणी सापडला होता. डोकं माशासारखं, शेपटीला माशाचा पर, पण खाली पाय. तेव्हापासून 'पहिला चौपाया' म्हणून तोच पुस्तकांतून फिरत राहिला. पुढे केंब्रिजच्या जेनिफर क्लॅक यांच्या हाती एका विद्यार्थ्याची १९७० सालची वही लागली. भूगर्भाच्या अभ्यासासाठी ग्रीनलंडला गेलेल्या त्या मुलाने एका डोंगराच्या उतारावर अशा कवट्या मुबलक दिसतात, अशी नोंद करून ठेवली होती. त्या नोंदीच्या भरवशावर क्लॅक १९८७ मध्ये तिथे पोचल्या आणि अॅकॅन्थोस्टेगा या दुसऱ्या प्राण्याचे उत्तम सांगाडे घेऊन परतल्या. संशोधनाची दिशा एखाद्या मोठ्या सिद्धान्ताने बदलते असं आपण समजतो. इथे ती एका विद्यार्थ्याच्या नेटक्या वहीने बदलली.

अॅकॅन्थोस्टेगा सुमारे साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला चार पाय होते, पायांना बोटं होती. पण त्या पायांवर अंगाचा भार तोलता आला नसता. मनगट आणि घोटा धड बनलेलेच नव्हते. शेपटीला रुंद पर होता. आणि सर्वांत महत्त्वाचं, घशाच्या बाजूंना माशासारख्या कल्ल्यांची हाडं होती. म्हणजे हा प्राणी पाण्यातच राहत होता, पाण्यातच श्वास घेत होता, आणि तरी त्याला पाय होते. पाय आधी आले, जमीन नंतर.

आणि बोटं किती? पुढच्या पायाला आठ. इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात. रशियात सापडलेल्या ट्युलरपेटॉनला सहा. पाचाचा आकडा नंतर ठरला आणि मग तोच चालू राहिला. आपण दहाच्या पटीत मोजतो ते त्या नंतरच्या ठरावामुळे. अॅकॅन्थोस्टेगाने दोन हातांवर हिशोब मांडला असता तर तो बरोबर सोळा आणे आला असता.

पण पाण्यात पायांचा उपयोग काय? याचं उत्तर शोधायला ग्रीनलंडला जायची गरज नाही. भर पावसाळ्यात एखाद्या नाल्याच्या कडेला, बेशरमाच्या झुडपांत आणि शेवाळात, पाणी गुडघाभर असतं तिथे उभं राहून पाहावं. अशा ठिकाणी पोहता येत नाही. शेपटीचा फटका मारायला जागा नसते. तिथे काड्या बाजूला सारत, तळाला रेटा देत, दबा धरून पुढे सरकणारा जिंकतो. डेव्होनियन काळाच्या उत्तरार्धात पृथ्वीवर पहिली मोठी झाडं उभी राहिली, नद्यांच्या काठी जंगलं झाली, आणि उथळ पाण्यात पालापाचोळा, मुळं, फांद्या यांची गर्दी उसळली. कुजणारा पाला पाण्यातला प्राणवायू खातो. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी लागल्या: रेटा द्यायला हातपाय आणि वरची हवा ओढायला फुप्फुस.

फुप्फुसाची कथा तर आणखी उलटी आहे. कोळीण मासा साफ करते तेव्हा आतड्यांजवळ पांढरा, चकचकीत फुगा निघतो; लहान मुलं तो फोडायला मागतात. त्या हवेच्या पिशवीने मासा पाण्यात वर-खाली तरंगतो. या पिशवीचंच पुढे फुप्फुस झालं असं डार्विनला वाटलं होतं. आज संशोधक उलट मानतात: हाडांच्या माशांच्या पूर्वजांना साधं फुप्फुस आधीच होतं, आणि बहुतेक माशांमध्ये पुढे त्याचाच तरंगण्याचा फुगा झाला. म्हणजे रोहूच्या पोटातला फुगा हे आपल्या फुप्फुसाचं कच्चं रूप नव्हे. ते सोडून दिलेलं जुनं फुप्फुस आहे. मरळीने तर ते वारसाहक्काचं साधनही वापरलं नाही. तिने डोक्यातले कप्पे स्वतंत्रपणे कमावले. ती आपली पूर्वज नाही, पूर्वजांच्या जवळचीही नाही. बाजारातली ती मासोळी फक्त एवढंच दाखवते की अडचण तीच असली की उत्तरं पुन्हा पुन्हा सापडतात.

आपल्या जवळचे मासे वेगळे: ज्यांच्या पंखांत मांसल दांडा आणि आत हाडं असतात ते. अशा वंशांतले आज उरलेत ते फुप्फुसमासे आणि सीलाकँथ. सीलाकँथ नामशेष झाला असं सगळे समजत होते. १९३८ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात तो जिवंत आला आणि एका छोट्या संग्रहालयाच्या प्रमुख मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनी तो ढिगाऱ्यातून वेगळा काढला. त्याचं शास्त्रीय नाव त्यांच्यावरून लॅटिमेरिया. मात्र जनुकांचा हिशोब मांडल्यावर जवळचा भाऊ सीलाकँथ ठरला नाही, फुप्फुसमासा ठरला. हा फुप्फुसमासा पुढे पुन्हा भेटेल, आणि आपल्याच नदीच्या काठी.

पंखातून हात कसा झाला याचा सर्वांत बोलका पुरावा कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समिअर बेटावर २००४ मध्ये मिळाला. नील शुबिन, टेड डेश्लर आणि त्यांचे सहकारी १९९९ पासून त्या भागात योग्य वयाचे खडक हुडकत होते. सापडलेल्या प्राण्याला नुनावुतमधल्या इन्युइट ज्येष्ठांनी नाव सुचवलं टिक्टालिक, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा मासा. वय सुमारे ३७.५ कोटी वर्षं. अंगावर खवले, कल्ले, पंखांना माशासारखे काटे. पण डोकं मगरीसारखं चपटं, डोळे वरच्या बाजूला, आणि मासा असूनही त्याला मान! माशाची कवटी खांद्याच्या हाडांना जोडलेली असते. त्याला मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागतं. टिक्टालिकची कवटी सुटी झाली होती. आणि पंखाच्या आत खांद्याकडून आधी एक हाड, मग दोन, मग बारीक हाडांचा जुडगा. आपला दंड, आपला हात, आपलं मनगट.

बाहेरच्या लोकांना राळेगाव माहीत असतं ते २०१८ साली इथल्या जंगलात मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीमुळे. त्या वाघिणीच्या पंजात, तिला शोधणाऱ्यांच्या हातात, आणि तिच्या धाकाने सरकीला पाणी द्यायला न गेलेल्या शेतकऱ्याच्या खांद्यातही हाडांचा हाच क्रम आहे: एक, दोन, मग अनेक. बैलाच्या पायातही, वटवाघळाच्या पंखातही. मांडणी एकदाच झाली. नंतर फक्त कमी-जास्त, लांब-आखूड.

डोळ्यांविषयी एक लक्षात राहणारी गोष्ट २०१७ मध्ये पुढे आली. या संक्रमणातल्या कवट्यांची मापं घेतली तेव्हा दिसलं की पाय पुरते होण्याआधीच डोळ्यांचा आकार जवळपास तिप्पट झाला आणि ते डोक्याच्या माथ्याकडे सरकले. गढूळ पाण्यात मोठा डोळा असून फायदा नाही. पण पाण्यात पडून डोळे तेवढे वर काढले की हवेतून दूरवरचं दिसतं. काठावर शतपाद, विंचवाचे भाऊबंद फिरत होते. ते कोट्यवधी वर्षं आधीच जमिनीवर पोचले होते. आपल्या पूर्वजांनी जमिनीकडे आधी बराच काळ नुसतं पाहिलं असावं, जत्रेबाहेर उभ्या असलेल्या पोरासारखं.

आता कोणी टिक्टालिकला आपला आजोबा म्हणेल. तोही घोटाळाच आहे. पोलंडमधल्या झाखेल्म्ये इथल्या खाणीत सुमारे ३९ कोटी वर्षं जुने पायांचे ठसे मिळाल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. ते ठसे पायांचेच असतील तर बोटं असलेले प्राणी टिक्टालिकच्या कितीतरी आधी वावरत होते, आणि टिक्टालिक हा आजोबा नसून मागे राहिलेला चुलत आजोबा ठरतो. चुलत आजोबांवरूनही घराण्याचा चेहरा कळतो, हे मान्य. पण वंशावळीत त्यांची जागा बाजूच्या फांदीवर लागते.

पाय आले, फुप्फुस आलं, मान आली. मग खरोखर बाहेर कोण आणि कधी पडलं? नेमकं इथेच दगड गप्प होते. डेव्होनियन संपल्यावर सुमारे दीड कोटी वर्षं चौपायांचे जीवाश्म जवळजवळ मिळतच नव्हते. या रिकाम्या जागेला 'रोमरची पोकळी' असंच नाव पडलं. ती भरून निघायला लागली ती स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या बर्विकशायरमध्ये, चर्नसाइडजवळच्या नदीपात्रात. स्टॅन वुड या जीवाश्म गोळा करणाऱ्या माणसाने आणि टिम स्मिथसन यांनी तिथे सुमारे पस्तीस कोटी वर्षांपूर्वीचे चौपाये शोधले, आणि ते २०१२ मध्ये जगापुढे आले. चर्नसाइडपासून काही मैलांवर डन्स नावाचं गाव आहे. त्या गावात १८१७ मध्ये जन्मलेला एक माणूस नागपूरला आला आणि त्याने विदर्भातल्या चौपायाची पहिली कवटी जगासमोर ठेवली.

हा माणूस म्हणजे स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे त्याचं नाव विदर्भात घरोघरी आहे, पण त्या नावामागे दगड फोडणारा माणूस होता हे कॉलेजात शिकलेल्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. मिशनरी म्हणून तो १८४० च्या दशकात नागपुरात आला, मराठी शिकला, शाळा चालवल्या. आणि सोबती रॉबर्ट हंटर याच्याबरोबर टाकळीच्या परिसरात आणि नंतर पार दक्षिणेपर्यंत जीवाश्म गोळा करत हिंडला. भोसल्यांचं राज्य खालसा झालं त्याच सुमारास त्याच्या संग्रहातली एक कवटी लंडनमध्ये रिचर्ड ओवेनसमोर होती. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारा तोच ओवेन. १८५५ मध्ये छापलेल्या लेखात त्याने कवटीला नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स: आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा. सापडल्याचं ठिकाण दिलं होतं मांगली, नागपूरच्या दक्षिणेला सुमारे साठ मैल.

हे मांगली वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर जिल्ह्यातलं. राळेगाव तालुक्यातून वडकीवरून हिंगणघाटकडे जाताना आपण जी वर्धा ओलांडतो, तीच नदी. आपल्याकडे पायाखाली बसाल्टचा काळा दगड आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचा. बोअर खणताना तोच लागत राहतो. त्या झाकणाखालचं जुनं जग आपल्याला दिसत नाही. पण वणीकडे आणि वरोऱ्याकडे झाकण संपतं आणि त्याहून कितीतरी जुने थर उघडे पडतात: कोळसा, वाळूचे दगड, लाल चिखलाचे दगड. मांगलीचा थर सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा.

ब्रॅकिऑप्सचे डोळे कवटीच्या पुढच्या अर्ध्या भागात, डोकं चपटं, तोंड बेडकासारखं रुंद. त्याच्या मोठ्या कुळाला ओवेनच्या काळी 'भुलभुलैयादंती' अशा अर्थाचं नाव होतं, कारण दात आडवा कापला तर आतल्या थराच्या घड्या भुलभुलैयासारख्या दिसतात. गंमत अशी की डेव्होनियनमधल्या मांसल पंखांच्या माशांचे दातही असेच घड्यांचे. म्हणजे मासा आणि चौपाया यांतलं नातं १८५५ च्या त्या कवटीत होतंच, पण डार्विनचं पुस्तक यायला अजून चार वर्षं होती. शिवाय ओवेन त्या पुस्तकाच्या बाजूचाही नव्हता.

ब्रॅकिऑप्सच्या कुळाला पुढे ब्रॅकिऑपिड असंच नाव पडलं. त्याचे भाऊबंद दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात सापडतात. भारत तेव्हा त्यांना चिकटलेला होता. आणि हे सगळे पाण्यातले प्राणी. पूर्वजांनी जमीन पाहिली होती, पायही होते, तरी या शाखेने डबक्यात दबा धरून राहणंच पसंत केलं. 'माशातून चौपाये, चौपायांतून सरपटणारे, मग आपण' अशी वर चढत जाणारी शिडी आपल्याला चित्रांतून दाखवली जाते. मांगलीच्या कवटीपुढे ती शिडी टिकत नाही. पाण्याबाहेर पडणं ही बढती नव्हती. कोणी गेलं, कोणी अर्ध्यातून परतलं. व्हेल आणि डॉल्फिन तर पूर्ण सस्तन होऊन पुन्हा समुद्रात गेले.

मांगलीचं पाणी कसं होतं याचा साक्षीदारही तिथेच सापडला: दोन शिंपल्यांच्या आत राहणारा कोळंबीच्या जातकुळीतला एक इवलासा जीव. रुपर्ट जोन्सने १८६२ मध्ये त्याला गावाचंच नाव दिलं, एस्थेरिया मँगालिएन्सिस. याचे आजचे नातेवाईक पावसाच्या डबक्यात राहतात. डबकं आटलं की त्यांची अंडी वाळलेल्या चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पाणी पडलं की फुटतात. मांगलीला मोठा समुद्र नव्हता, तिथे असंच साधं, येणारं-जाणारं पाणी होतं.

हिस्लॉपचा शेवट पाण्यातच झाला. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळं पाहून घोड्यावरून रात्री परतताना पूर आलेला नाला लागला आणि तो बुडाला. वय पंचेचाळीस.

पण त्याच्या नावाचा एक मासा राहिला. वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. प्राणहितेच्या पलीकडे, आता तेलंगणात असलेल्या मालेरी गावाच्या लाल मातीच्या थरांत पन्हाळी कौलासारखे उंच-सखल कंगोरे असलेले विचित्र दात मिळाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये त्यांतल्या दोन जातींना सेराटोडस हिस्लॉपियानस आणि सेराटोडस हंटरियानस अशी नावं दिली. हाच तो फुप्फुसमासा. तोवर सेराटोडस फक्त दगडातल्या दातांवरून माहीत होता. १८७० मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या नद्यांतला एक जिवंत मासा गेरार्ड क्रेफ्टच्या हाती आला. त्याने तोंड उघडून पाहिलं तर दात तेच! मासा जिवंत, फुप्फुसासकट. प्राणहितेच्या काठचे मासे संपले, पण त्यांचे नातलग दूरच्या खंडावर तग धरून होते. मालेरीच्या थरांत याच माशांच्या सोबतीला मोठाल्या चपट्या डोक्यांचे उभयचरही आहेत, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या संशोधकांनी त्यांवर दशकानुदशकं काम केलंय. सांख्यिकीच्या संस्थेत डायनोसॉर आणि बेडूक कसे, असा प्रश्न पडत असेल तर त्याचं श्रेय तिचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या मोकळ्या कुतूहलाला द्यावं.

आता बेडकाकडे. वऱ्हाडीत बेंडूक. आजचे बेडूक मांगलीच्या प्राण्याच्या मोठ्या कुळातूनच निघाले असं बहुतेक संशोधक मानतात. ब्रॅकिऑप्स त्यांचा थेट पूर्वज नव्हे, लांबचा भाऊबंद. पाऊस लांबला की आपल्याकडे मुलं धोंडी काढतात: काठीला कडुलिंबाचा पाला, त्यात बेंडूक बांधलेला, घरोघर मिरवणूक, आणि प्रत्येक घरची बाई वरून तांब्याभर पाणी ओतते. बिचाऱ्याचे हाल होतात यात शंका नाही. पण ओतलेलं पाणी त्याला खरंच मिळतं, कारण बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. त्याच कातडीतून ते उडूनही जातं. जमिनीवर येणाऱ्यांना सर्वांत आधी याच सुकण्याशी झुंजावं लागलं, आणि बेडकाने ती झुंज आजवर पूर्ण जिंकलेली नाही.

बेडकाचा गळा सतत धडधडत असतो, तो का? आपल्यासारखी बरगड्या फुगवून हवा आत ओढण्याची सोय त्याच्याकडे नाही. तो तोंडात हवा घेतो आणि गळ्याचा तळ वर दाबून ती फुप्फुसात ढकलतो, सायकलच्या पंपासारखी. फुप्फुसमासाही असंच करतो. डबक्याच्या काठावर बसलेल्या बेडकाच्या गळ्याकडे पाहिलं की डेव्होनियनमधला श्वास चालू दिसतो. घास गिळताना तर तो डोळे मिटून खाली दाबतो. बुबुळांचे गोळे घशाकडे उतरून घास आत लोटायला मदत करतात.

कानाचं काय? माशाच्या जबड्याला कवटीशी टेकू देणारं एक जाड हाड असतं. चौपायांत कवटी घट्ट झाली, टेकूची गरज संपली, आणि ते हाड लहान होत होत आपल्या कानातलं रिकिबीच्या आकाराचं इवलंसं हाड झालं. सुरुवातीला ते जाडजूड होतं. हवेतला बारीक आवाज त्याने ऐकू आला नसता. पहिले चौपाये जवळजवळ बहिरेच होते. जून महिन्यातल्या डबक्याकाठचा गोंगाट पृथ्वीवर बऱ्याच उशिरा सुरू झाला.

शेवटची बेडी अंड्याची. बेडकाची अंडी म्हणजे लिबलिबीत गोळा. पाण्याबाहेर ती सुकतात, म्हणून प्रत्येक पावसाळ्यात बेडकाला पाण्याकडे यावंच लागतं. ही बेडी तोडली ती ज्यांनी अंड्याच्या आतच पाणी बांधून दिलं त्यांनी. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचा हायलोनोमस नावाचा सरड्याएवढा प्राणी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात पोकळ बुंध्यांत अडकून दगड झालाय; अशांच्या वंशातून सरडे, पक्षी आणि आपण. कोंबडीच्या अंड्यात गर्भाभोवती पाण्याची पिशवी असते. माणसाच्या गर्भाभोवतीही तीच पिशवी. आपल्या बायकांनी तिला कधीच नेमका शब्द दिलाय: पाणमोट. डबकं मागे टाकून निघालेल्यांनी डबकं मोटेत भरून सोबत घेतलं, एवढं सगळं त्या एका शब्दात आहे. आणि पाणमोट फुटली की बाळ पाण्यातून हवेत येतं, पहिल्यांदा फुप्फुस वापरतं.

रोमरची आटत्या तळ्याची गोष्ट मात्र पूर्ण वाया गेली नाही. पायांचा उगम तिने सांगितला नाही, पण दर जुलैमध्ये ती खरी होते. पहिल्या मोठ्या पावसात पिवळेधमक झालेले नर रस्त्याकडेच्या खड्ड्यांत ओरडतात, अंडी पडतात, चार-आठ दिवसांत खड्डा शेपटीवाल्या काळ्या पिल्लांनी भरतो. त्यांना कल्ले असतात, पाय नसतात. मग पाऊस दडी मारतो. वावरातली सरकी कोमेजते, खड्ड्याचं पाणी दररोज बोटभर खाली जातं. अनेक जातींची पिल्लं हे ओळखतात. वाढ थांबवून ती रूप बदलण्याची घाई करतात: आधी मागचे पाय, मग पुढचे, शेपटी विरते, कल्ले जातात. घाईत निघालेला बेडूक नखाएवढा बारीक असतो, आणि त्याच्या जगण्याची शाश्वती कमी. खड्डा तळाला भेगाळला की काही काळी पिल्लं चिखलात चिकटून मेलेली असतात. काठच्या गवतात मात्र नखाएवढे दहा-वीस बेडूक, शेपटीचा ठिपका अजून मागे, गळा धडधडत बसलेले असतात.